कृष्णेचं पाणी वाटून झालं, पूर मात्र बेवारस

जुलै उजाडला की सांगली-कोल्हापूरची माणसं रोज दोन आकडे बघतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, राजारामला ५५ च्या वर. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. त्या खेपेला सांगलीत पाणी २०१९ पेक्षा कमी चढलं, कोल्हापुरात मात्र ते ५६ फूट ओलांडून २०१९ च्याही पुढे गेलं.

या फरकाकडे फारसं कुणी बघितलं नाही. चर्चा झाली ती ठरलेलीच: कोयनेतून पाणी सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने अडवलं, नदीत गाळ साचला. तिन्ही म्हणण्यांत थोडं तथ्य आहे, पण एकही पुरेसं नाही. वरच्या कृष्णा खोऱ्यातला पूर एका धरणावर किंवा एका पुलाखाली ठरत नाही. महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंतच्या सगळ्या नद्यांचं पाणी कुठल्या तासाला कुठे पोचतं, त्यावर तो ठरतो. आणि त्या तासांचा हिशेब ठेवून हुकूम देऊ शकेल अशी एकही यंत्रणा आज नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की ती उभी करायला हवी, आणि तिला नदीच्या जागेसह सगळ्या गोष्टींवर अधिकार हवा.

आधी ते दोन पूर शेजारी ठेवू. २०१९ मध्ये जुलैअखेर धरणं भरत आली होती, आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पावसाने उसंतच घेतली नाही. धरणात जागा उरली नव्हती, म्हणून येईल ते पाणी खाली सोडणं भाग पडलं. २०२१ चा पाऊस त्याहून भयंकर होता, महाबळेश्वरला २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. पण तेव्हा कोयनेत जागा होती. तिने बरंच पाणी पोटात घेतलं आणि सांगली २०१९ च्या पातळीखाली राहिली. पंचगंगेला असं मोठं पोट नाही. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), तर कुंभी, कासारी आणि तुळशी त्याहून कितीतरी लहान. काळम्मावाडी २५ टीएमसीचं आहे खरं, पण ते दूधगंगेवर, आणि दूधगंगा कोल्हापूरच्या वाटेला न जाता खाली थेट कृष्णेला मिळते. त्यामुळे २०२१ मध्ये कोल्हापूरला धरणाचा आधार जवळपास नव्हता. म्हणजे सांगलीसाठी धरणांतल्या मोकळ्या जागेचा उपाय चालतो, कोल्हापूरसाठी तो फारसा चालत नाही. एकाच जीआरमध्ये दोन्ही शहरांसाठी एकच उपाययोजना लिहून भागणार नाही, ते यामुळेच.

धरणाखालचा मोकळा पाणलोट हा या हिशेबातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओढे, ओघळ आणि लहान नद्या ज्या कुठल्याच धरणात न जाता थेट मोठ्या नदीला मिळतात, त्यांचं पाणी अडवणारा दरवाजा कुठेच नाही. आकडा घ्या. एक हजार चौरस किलोमीटर मोकळ्या पाणलोटावर दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच भिजलेली असल्यामुळे त्यातला ७० टक्के वाहून आला, तर ते पाणी सुमारे ५ टीएमसी होतं. चोवीस तास ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, वाहिलं की एक टीएमसी होतं, त्या हिशेबाने हा दिवसभराचा सरासरी ५७ हजार क्युसेकचा प्रवाह झाला. कोयनेचे सगळे दरवाजे बंद ठेवले तरी हा प्रवाह कराडच्या खाली, वारणेत, पंचगंगेत येतच राहणार. म्हणून धरणाचं नियोजन करताना पहिला प्रश्न 'धरणात किती आलं' हा नसावा. 'खालच्या नदीत आत्ता किती आहे आणि उद्या सकाळी किती असेल' हा असावा.

त्यानंतर संगम. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाडीच्या दत्त मंदिरात पुराचं पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, की पाणी किती चढलं ते पंचक्रोशीला वेगळं सांगावं लागत नाही. पण या संगमाची खरी अडचण अशी की कृष्णा आधी चढली तर पंचगंगेला पुढे जायला उतारच उरत नाही. तिचं पाणी मागे फुगतं, शिरोळ तालुका पाण्याखाली जातो आणि फुगवटा वर सरकत राहतो. इथे नदीचा उतार इतका कमी आहे की पातळीतला फूट-दोन फुटांचा फरकही मागे दूरवर जाणवतो. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला साधारण दीड दिवस लागतो. म्हणजे आज दुपारी कोयनेवर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम परवा पहाटे वाडीत दिसतो, आणि तोपर्यंत पंचगंगेचा पूर तिथे येऊन थांबला असेल तर तोच निर्णय चुकीचा ठरतो. चार तास आधी किंवा आठ तास नंतर सोडलेलं तेवढंच पाणी कदाचित विनासायास निघून गेलं असतं. दोन नद्यांच्या पुरांची शिखरं एकमेकांवर बसू न देणं हे पूरनियंत्रणातलं सर्वांत स्वस्त काम आहे, आणि त्याला सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

कोयनेचा हिशेब थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण सगळा राग तिच्यावर निघतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. समजा आवक एक लाख क्युसेक आहे आणि सांगलीला झेपेल म्हणून आपण ५० हजार क्युसेकच सोडायचं ठरवलं. मग रोज ४.३२ टीएमसी धरणात साठत जाईल. धरणात २५ टीएमसी जागा रिकामी असेल तर असे पावणेसहा दिवस काढता येतात. पाचच टीएमसी जागा असेल तर अठ्ठावीस तासांत धरण काठोकाठ भरतं आणि मग एक लाख क्युसेक सोडण्यावाचून इलाज नसतो. पावणेसहा दिवसांत घाटावरचा पाऊस बहुतेक वेळा ओसरतो, अठ्ठावीस तासांत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला ऐंशी टीएमसीवर थांबायचं की शंभरवर, याचं उत्तर म्हणजेच सांगलीच्या पातळीचं उत्तर.

'मग आधीच धरण रिकामं करा' असं म्हणणं सोपं आहे, पण त्यातही दोन अडचणी आहेत. कोयनेच्या वक्रद्वारांचा सांडवा साधारण ७३ टीएमसीच्या पातळीला सुरू होतो. त्याखालचं पाणी या दरवाज्यांतून सोडताच येत नाही. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालवली तर नदीत जातात २,१०० क्युसेक, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी. शिवाय पाणी सांडव्याच्या माथ्यावर थोडंसंच असताना दरवाजे पूर्ण उघडले तरी विसर्ग कमीच मिळतो, कारण मागून रेटा नसतो. म्हणून जागा करण्याचं काम जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून, पाणी सांडव्याच्या थोडं वर आल्यापासूनच, थोडं थोडं करत राहावं लागतं. अंदाज आल्यावर दोन दिवसांत पंचवीस टीएमसी रिकामे करणं शक्य नाही, आणि तसं केलं तर तो माणसाने आणलेला पूर ठरेल. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी जास्त पाणी वळवा, ही सूचनाही नेहमी येते. बोगद्यांची आणि टर्बाइनची क्षमता ठरलेली आहे, आणि ते पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं. घाटाच्या दोन्ही अंगांना पाऊस एकाच वेळी पडतो.

दुसरी अडचण तांत्रिक नाही. धरणावरच्या अभियंत्याने ऑगस्टमध्ये वीस टीएमसी जागा रिकामी ठेवली आणि नंतर पाऊस आलाच नाही, तर ऑक्टोबरमध्ये चौकशी त्याची होते. धरण भरलेलं ठेवलं आणि सांगली बुडाली, तर दोष पावसाला जातो. माणूस कुठली चूक निवडेल ते उघड आहे. म्हणून जागा रिकामी ठेवण्याचा निर्णय एका व्यक्तीच्या विवेकावर सोडू नये. तो लिखित, तारखेनिहाय असावा: अमुक तारखेला अमुक पातळीच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि त्यामुळे पुढे तूट आली तर ती वीज, सिंचन आणि पिण्याचं पाणी यांत कुठल्या प्रमाणात वाटायची. महाराष्ट्रात जलाशयांच्या परिचालन सूची, म्हणजे कधी किती पाणी ठेवायचं-सोडायचं याचे तक्ते, आहेत, पण त्या बहुतांशी एकेका धरणापुरत्या आहेत आणि त्यांचा जीव धरण भरण्यात आहे. धोम १३.५, कण्हेर १०, उरमोडी जवळपास १०, तारळी ५.८५, वारणा ३४.४ टीएमसी. ही सगळी धरणं एकाच सूचीत बसवायला हवीत. कोयना आणि वारणा एकाच वेळी सोडू नयेत, कुणी आधी सोडायचं ते मोकळ्या पाणलोटातल्या पावसावर ठरावं, आणि कुठल्याही धरणाचा विसर्ग त्या पुरातल्या सर्वोच्च आवकेपेक्षा कधीही जास्त जाऊ नये, हे तीन नियम त्यात ठळक हवेत. राधानगरीची गोष्ट वेगळी. तिचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक जातं. तिथे ऐन वेळी ठरवायला काही उरतच नाही, जे काही ठरवायचं ते धरण भरण्याआधी.

आधीच सोडलेलं पाणी वाया जातं, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा तोडगा याच खोऱ्यात तयार आहे: ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना. पुराचं पाणी दुष्काळी भागाला वळवण्याची भाषा हल्ली खूप ऐकू येते, जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्पही त्यासाठी आखला आहे. पण तो पूर कमी करेल असं समजणं चूक आहे. नदीत दोन लाख क्युसेक वाहत असताना सगळे पंप मिळून समजा तीन हजार क्युसेक उचलतील. म्हणजे शंभरातलं दीड. आयर्विनला त्याचा फारसा फरक पडणार नाही, आणि महापुरात काठावरच्या पंपगृहांचं काय होतं हेही सर्वांना ठाऊक आहे. हेच पंप जुलैत, पुराआधी, वीस दिवस चालवले तर पाच टीएमसीपेक्षा जास्त पाणी जत, कवठे महांकाळ, आटपाडीच्या तलावांत पडतं. धरणातून जागा करण्यासाठी सोडलेलं पाणी तिकडे गेलं की ते वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही, आणि धरणात तेवढी जागा झालेली असते. अडतं ते वीजबिलावर. पावसाळ्यात पंप चालवण्याचं बिल कुणी भरायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून मोटारी बंद राहतात. हे बिल पूरनियंत्रणाचा खर्च म्हणून आधीच मंजूर करून ठेवावं. एका महापुराच्या पंचनाम्यांच्या तुलनेत ती रक्कम किरकोळ आहे.

आता अलमट्टी. निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. पुरग्रस्तांपैकी अनेकांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या शंकेला आधार नाही असंही नाही: अलमट्टीची पातळी, वरचा हिप्परगी बंधारा आणि सपाट उतार यांचा एकत्रित परिणाम नेमका किती, हा मोजण्याचा विषय आहे. म्हणूनच राज्याने रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला. आज अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. उंचीचा निकाल न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. पण ५१९.६० च्या आतसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कुठल्या पातळीला ठेवायचं, हा दर वर्षीचा प्रश्न आहे, आणि त्याला लवादाची वाट बघावी लागत नाही. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांनी बंगळुरूत बसून माहितीची देवाणघेवाण करायचं ठरवलं, ही चांगली गोष्ट झाली. पण समजुतीवर चालणारी व्यवस्था माणसं बदलली की ढिली पडते.

मुळात या नदीच्या पाण्याचं वाटप करणारे लवाद दोन झाले. बच्छावत लवादाने कुणाला किती टीएमसी ते सांगितलं, ब्रिजेशकुमार लवादाने ते पुन्हा सांगितलं. पुराचं पाणी कुणी किती तास धरून ठेवायचं, हे कुणी कुणाला बांधील करून सांगितलं नाही. आपल्या देशात १९५६ चा नदी मंडळ कायदा आहे. आंतरराज्य नदीसाठी मंडळ नेमण्याची त्यात सोय आहे. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. कृष्णेला मंडळ आहे, पण ते २०१४ च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्यातून आलेलं आणि तेलंगण-आंध्रापुरतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्याच्या बाहेर. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरणाचा दर्जा दिला, पण धरणं-कालवे बांधणारी संस्था महामार्गाच्या भरावाला किंवा महापालिकेच्या बांधकाम परवान्याला हरकत घेताना कधी दिसत नाही. महापूर आला की जलसंपदा दरवाज्यांचं बघतं, महसूल स्थलांतराचं, नगरविकास परवान्यांचं, महामार्ग प्राधिकरण रस्त्याचं. नदी मात्र या सगळ्यांच्या हद्दीतून एकच वाहते. म्हणून वरच्या कृष्णेपुरतं, महाबळेश्वर ते अलमट्टी, दोन राज्यांचं आणि केंद्रीय जल आयोगाचं एक पूरपरिचालन मंडळ हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याचा हुकूम सर्व धरणांवर चालावा. अर्जुनवाड, कुरुंदवाड, समडोळी, सदलगा ही आयोगाची मोजणी केंद्रं आहेतच, कृष्णा-भीमा खोऱ्यात स्वयंचलित पर्जन्यमापकांची यंत्रणाही आहे. आकडे येतात. आकड्यांवर सही करून दरवाजा हलवणारा एक हात नाही.

गाळाबद्दल थोडक्यात. नदीचा तळ खोल केला की पूर कमी होईल, हे ऐकायला पटतं, पण पुढे बंधारा असेल तर त्याच्या उंबऱ्याच्या खाली जेवढं खणाल तेवढ्या खड्ड्यात नुसतं स्थिर पाणी उभं राहतं. पुराची पातळी ठरवतो पुढचा उंबरठा आणि पुढचा फुगवटा. शिवाय महापुरात नदी पात्राबाहेर किलोमीटरभर पसरलेली असते. त्या पसरलेल्या पाण्यात मूळ पात्राचा तळ दोन-तीन फूट खाली गेला तरी हाती थोडंच लागतं, आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत ते भरूनही येतं. गाळ काढावा तो पुलांच्या कमानीखालचा, बंधाऱ्यांच्या तोंडचा आणि शहरातल्या नाल्यांचा. तिथे तो खरोखर अडथळा असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, जूनच्या आधी निघाले नाहीत, किंवा खांबांना जलपर्णी आणि लाकडं अडकून राहिली, तर पाणी मागे थटतं. पंचगंगेवर असे बंधारे एकापाठोपाठ एक आहेत. वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले आणि खालच्याचे राहिले तर केलेलं काम फुकट. बरगे काढल्याची तारीख बंधाऱ्यानिहाय जाहीर व्हावी, एवढी मागणी कुठल्याही ग्रामसभेला करता येते.

गाळापेक्षा शंभर पटींनी गंभीर आहे तो भराव. एक एकर प्लॉट दहा फूट उंच भरला तर साडेचार हजार ब्रासच्या आसपास मुरूम लागतो, आणि सव्वा कोटी लिटर पाण्याची जागा जाते. ती जागा शेजाऱ्याच्या घरात शोधली जाते. पण नुसती साठवण जाते एवढंच नाही. पूरपट्ट्यातून पाणी वाहतही असतं, आणि भराव त्या वाहत्या पाण्यापुढे आडवा उभा राहतो. प्लॉटपेक्षा रस्ते जास्त घातक आहेत, कारण ते नदीच्या काटकोनात मैलभर जातात. पूल नदीच्या मूळ पात्राएवढा आणि दोन्ही बाजूंना मातीचा भराव, ही आपल्याकडची रूढ रचना आहे. साधारण पावसात ती चालते. महापुरात मात्र पसरून वाहणारं सगळं पाणी त्या एका पुलाखालून जाऊ बघतं, मागे फुगतं, आणि रस्त्याच्या वरच्या अंगाची गावं खालच्या अंगापेक्षा आधी बुडतात आणि उशिरा मोकळी होतात. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बंद पडला. तो उंच करायलाच हवा. पण उंची मातीच्या भरावाने वाढवली तर तो पंचगंगेवर बांधलेला बांध होईल. तिथले लोक खांबांवरचा पूल मागतात, ती मागणी जलशास्त्राला धरून आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या अंकली परिसरातल्या भरावाबद्दलही हेच म्हणणं आहे. निकष साधा ठेवता येतो: लाल पूररेषेच्या आत जाणाऱ्या कुठल्याही नव्या रस्त्यामुळे वरच्या अंगाची पूरपातळी किती वाढेल हे आधी मोजून जाहीर करायचं, आणि ती जवळजवळ शून्य होईपर्यंत खांब आणि मोऱ्या वाढवत न्यायच्या. खर्च वाढेल. तो खर्च आज शिरोळ आणि करवीरमधली घरं भरतात.

पूररेषांचंही असंच. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधे नियंत्रित. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द घर घेणाऱ्याला फसवतात. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निळ्या रेषेपर्यंतचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ७० टक्के असते, लाल रेषेपर्यंतच्या पुराची २६ टक्के. आणि हे नदीचा स्वभाव बदलला नाही असं धरून. २००५, २०१९, २०२१ हे तीन पूर हाताशी असताना जुन्या नोंदींवर काढलेल्या रेषा पुन्हा काढायला हव्यात. रेषा वर सरकली की जमिनींचे भाव पडतात, म्हणून विरोध होणार, आणि तो बिल्डरांचाच असेल असं नाही. गुंठा-दोन गुंठ्यांत आयुष्याची कमाई घातलेल्या कुटुंबांचाही असेल. त्यांना विकास हक्कांचं हस्तांतर किंवा पर्यायी भूखंड द्यावा लागेल. सातबारावर आणि मिळकत पत्रिकेवर पूररेषेची नोंद आली तर निदान पुढचा खरेदीदार डोळे उघडे ठेवून घेईल. लाल-निळ्याच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच घेण्याची अट असते. ती उंची मुरूम टाकून नव्हे, खांबांवर गाठायची, तळमजला पाण्याला मोकळा ठेवायचा, असं स्पष्ट लिहायला हवं.

शहरात पाणी बहुतेक वेळा काठ ओलांडून येत नाही, नाल्यातून उलटं येतं. सांगलीत शेरीनाला, कोल्हापुरात जयंती नाला. नदी चढली की नाला वाहायचा थांबतो आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी नदीपासून लांब असूनही उभं राहतं. नाल्याच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी दारं बसवणं हा अर्धा उपाय आहे. दार बंद झालं की शहराचा पाऊस आत अडकतो, तेव्हा पंप लागतात, आणि पंपांना पुरात वीज लागते. रोहित्र आणि जनरेटर लाल रेषेच्या वरच्या चौथऱ्यावर नसतील तर पहिल्याच रात्री पंप बंद पडतात.

गाव हलवण्याचा अनुभव या भागाला आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली, तरी दर महापुरात पाणी याच गावांत शिरतं आणि माणसं तिथेच असतात. कारण शेत खाली, गोठा खाली, दूध डेअरी खाली. फक्त घराला भूखंड देऊन माणूस वर जात नाही. गोठ्याला जागा, वैरणीची सोय आणि शेतापर्यंत पक्का रस्ता मिळाला तरच जातो. पुरातही हेच घडतं. पाणी उंबऱ्याला लागलं तरी माणसं हटत नाहीत, कारण दावणीला दोन म्हशी आणि कालवड असते. गावाची छावणी ठरवताना जनावरांची छावणी आधी ठरली पाहिजे, चारा आणि पाणी तिथे जुलैतच पोचलं पाहिजे, आणि जनावरं पहिल्यांदा हलली पाहिजेत. ती गेली की माणसं मागोमाग जातात. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली. शेवटच्या तासापर्यंत वाट बघितली की उरते ती क्षमतेपेक्षा भरलेली बोटच.

इशाऱ्याची भाषाही बदलायला हवी. 'आयर्विनला ४७ फूट' या वाक्यातून सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमधल्या बाईला आपलं सामान माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं हे कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक वॉर्डात विजेच्या खांबांवर आयर्विनच्या फुटांच्या खुणा रंगवाव्या लागतील: इथे पाणी ४४ फुटांना येतं, पुढच्या चौकात ४८ ला. खेड्यात हेच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. अंदाजही फुटांत आणि तासांत यावा: उद्या सकाळी सहाला ४६ ते ४८. फक्त 'नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावं' असं म्हटलं तर ते कुणालाच उद्देशून नसतं.

आणि धरणातून आधी पाणी सोडण्याचा नियम झाला तर त्याचा भार कुणावर पडेल, हेही आजच लिहून ठेवायला हवं. जुलैत वीस-पंचवीस हजार क्युसेक सलग सोडलं की काठावरच्या मळीच्या जमिनीतला भुईमूग-सोयाबीन दोन-तीन दिवसांत कुजायला लागतं, उसाचा शेंडा बुडाला तर उसाचंही तेच. नदीत बसवलेल्या मोटारी काढायला शेतकऱ्याला किमान बारा तास आणि दोन माणसं लागतात. शहर वाचवण्यासाठी हे पाणी सोडलं जात असेल, तर मळीच्या पिकाची भरपाई पंचनाम्याची वाट न बघता, ठरलेल्या दराने, विसर्गाच्या नोंदीवरून मिळाली पाहिजे. कुठल्या धरणातून किती क्युसेक सोडलं की कुठल्या गावाच्या कुठल्या गट नंबरात पाणी येतं, त्याचा तक्ता मे महिन्यातच मराठीत आणि कन्नडमध्ये छापून कराडपासून कुडचीपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि सोसायटीत लागावा, आणि विसर्ग वाढवण्याचा प्रत्येक आदेश त्या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक देऊनच निघावा.